फौजदाराचे नाव आणि शिपायाचा आकडा

खळ्यावर रास मोजावयास बसले म्हणजे आपला शेतकरी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. ज्या धान्यावर वर्षभर घाम गाळला त्याची नुसती मोजदाद करणे त्याच्या जिवावर येते. ज्या घरांत जोंधळ्यालाही मानाने मोजण्याची रीत आहे, त्याच घरांतली मुले पोलिसांत जाऊन मेली म्हणजे त्यांची मोजदाद मात्र कशी होते पाहा : 'एक फौजदार अमुक अमुक, व काही शिपाई.' फौजदारास नाव, शिपायास आकडा. कधी कधी तोही नाही. ही चाल नुसती लिहिणाऱ्याच्या आळसाची नव्हे. तिच्या पोटात शंभर वर्षांचा अन्याय आहे, आणि तो अजून जिरलेला नाही. म्हणून हा विषय शेतकरी व कारागीर वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम मालेगावची गोष्ट घेऊ. २५ एप्रिल १९२१ रोजी मालेगावात भास्करराव भावे नावाचे पोलीस फौजदार कामावर असताना जमावाच्या हातून मारले गेले. ते दिवस खिलाफतीच्या व असहकाराच्या चळवळीचे होते. हत्यारे बाळगून फिरू नये असा सरकारी हुकूम निघाला होता, तो मोडल्याबद्दल काही स्वयंसेवकांवर खटले झाले, दंड झाले, आणि त्यातून दंगल पेटली. देवळास आग लागली आणि भाव्यांचा जीव गेला. गांधींनी या कृत्याचा उघड निषेध केला. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. फासावर गेलेल्यांचे स्मारक आज मालेगावात आहे, तेथे लोक त्यांस देशासाठी मेलेले समजतात.

भाव्यांचे नाव बुकात राहिले, ते योग्यच झाले. आडनावावरून जात ताडणारे लोक आमच्याकडे पाहून हसतील, की ब्राह्मणेतरांच्या पत्रात भाव्यांचे पोवाडे कधीपासून? त्यांस आमचे उत्तर सरळ आहे. आमचे भांडण भटशाहीशी आहे, कामावर मेलेल्या माणसाच्या चितेशी नाही. जमाव अंगावर आला असता जो जागा सोडीत नाही त्याची जात आम्ही विचारीत नाही. पण आमचा दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो कोणी विचारीत नाही. त्या दिवशी भाव्यांबरोबर शिपाईही मारले गेले. कोणत्या गावचे? कोणाची लेकरे? घरी कोण वाट पाहत होते? वृत्तांत लिहिणाऱ्याने 'व शिपाई' एवढे लिहून टाक झटकला. जो दगड फौजदारास लागला तोच शिपायास लागला, रक्त दोघांचेही तांबडेच होते; परंतु एकाचे नाव शाईत उतरले आणि दुसऱ्याचे मातीत जिरले.

आणि दगड मारणारे तरी कोण होते? मालेगाव हे विणकरांचे गाव. उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी देशोधडीला लागलेली मोमीन विणकरांची कुटुंबे तेथे येऊन मागावर बसली. म्हणजे एका अंगास मागावरचा कारागीर आणि दुसऱ्या अंगास तुटपुंज्या पगाराचा शिपाई. दोघांचीही पोटे पाठीला लागलेली. ज्यांच्या राज्यासाठी शिपायाने लाठी धरली ते राज्यकर्ते दूर, आणि ज्यांच्या व्याख्यानांनी विणकर पेटला ते पुढारीही त्या घटकेस दूर. मधल्या मध्ये गरिबाने गरीब मारला.

हीच रडकथा पुढच्या वर्षी गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौऱ्यास घडली. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी शेतकऱ्यांच्या जमावाने ठाणे पेटविले, बावीसांवर पोलीस व चौकीदार मेले. त्यावरून गांधींनी असहकाराची चळवळच थांबविली. सेशन कोर्टाने १७२ जणांस फाशी सांगितली. हायकोर्टात ती कमी होऊन १९ जण प्रत्यक्ष लटकले. आज तेथे दोन स्मारके आहेत. एक ठाण्याच्या आवारात मेलेल्या पोलिसांचे, इंग्रजांच्या वेळचे. दुसरे फासावर गेलेल्यांचे, स्वराज्यानंतरचे. चौकीदार म्हणजे कोण? आपल्याकडचा गावचा कोतवाल, जागल्या असतो ना, तसाच. तोही शेतकऱ्याच्याच वाडीवरचा. एकाच मातीची माणसे, पण त्यांच्या नावाचे दगड एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

आमच्या लातूर-उमरग्याकडील लोकांचे जाणे-येणे सोलापूरशी. ते सोलापूर मे १९३० मध्ये पेटले. गांधींना अटक झाल्याची बातमी आली, गिरणी कामगार रस्त्यावर आला, पोलिसांनी गोळ्या घातल्या, शंकर शिवदारे पडले. चिडलेल्या जमावाने चौक्या व कोर्ट जाळले आणि पोलीस शिपायांचे जीव घेतले. सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला. त्या शिपायांच्या खुनाबद्दल मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. हे चौघे निर्दोष होते असे त्या वेळी पुष्कळांनी ओरडून सांगितले, सरकारने ऐकले नाही. या चार हुतात्म्यांस आमचे त्रिवार वंदन. सोलापुरातला चौक त्यांच्या नावाचा आहे, तो राहावा. पण ज्या शिपायांच्या मरणाच्या नावाखाली चौघांस लटकविले, त्या शिपायांची नावे त्या सोलापुरात चार माणसांस तरी विचारून पाहा! इंग्रजाने त्यांच्या मरणाचा उपयोग फासाची दोरी वळण्यास केला, स्वराज्याने त्यांस अडगळीत टाकले.

लाहोरची गोष्ट तर शाळेतल्या पोरांस पाठ आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी भगतसिंग व आपल्या खेडचे राजगुरू यांनी साँडर्स साहेबास गोळ्या घातल्या. साहेबाचे नाव प्रत्येक पोर सांगतो. पण पळणाऱ्यांच्या मागे धावताना चंद्रशेखर आझादांची गोळी लागून जो हेड कॉन्स्टेबल गेला, त्याचे नाव चननसिंग होते, हे किती मास्तरांस ठाऊक आहे? आम्ही राजगुरूंच्या बाजूचेच आहोत, त्यात शंका नको. तरीही चननसिंग माणूस होता आणि त्याला नाव होते.

आता फौजदाराचे नाव राहते आणि शिपायाचा आकडा होतो, याचे मूळ शोधू. सन १९०२-०३ साली अँड्र्यू फ्रेझर नावाच्या साहेबाच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन बसले. खाते नालायक, लाचखाऊ व जुलमी आहे, लोकांचा त्यावर विश्वास नाही, असे या कमिशनानेच लिहून ठेवले. ते खरेच होते. पण औषध काय सुचविले? तपास करावयाचा, लिहावयाचे, डोके चालवावयाचे ते फौजदाराने. त्यास शिकलेल्या वर्गातून थेट घ्यावा, शाळेत घालून तयार करावा. शिपायाने पहारा द्यावा, कैदी न्यावा, सांगितले तेवढे करावे. आणि त्यास महिना आठ रुपयांहून कमी देऊ नये. म्हणजे एकाच खात्याचे दोन भाग पडले : डोक्याचा आणि अंगाचा.

डोक्याच्या भागात कोण जाणार? ज्याच्या घरी इंग्रजी शिकण्याची सोय तो. अंगाच्या भागात कोण? ज्याच्या घरी दुष्काळ, सावकार आणि चार भावांत दोन बिघे तो. ही विभागणी कातडीच्या रंगावर नव्हे, शाळेच्या उंबरठ्यावर झाली. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते की, सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशातून शिकतात वरचे वर्ग. शाहू छत्रपतींनी १९०२ साली करवीर राज्यात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा केवढा कोल्हाळ झाला! तो कोल्हाळ कशासाठी होता हे आता ध्यानात येईल. खुर्ची आणि वही ज्याच्या हाती, मेल्यावर नावही त्याचेच राहते. इतिहास लिहिणारा फौजदाराच्या आळीत राहत होता, शिपायाच्या आळीत कोणी लिहिणाराच नव्हता.

आमच्या मराठवाड्यात तर निजामी अंमल. कचेरीची भाषा उर्दू, ठाण्याचा धनी अमीन, आणि शेतकऱ्याच्या तोंडात मराठी. फिर्याद द्यावयाची तरी दुभाष्या शोधावा लागे. अमिनाच्या हाताखालचा शिपाई गावोगाव फिरे. लोक त्याला भीत आणि तो अमिनाला भिई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट गेली. तिच्या शेवटच्या काळातले रझाकारी अत्याचार नांदेड-लातूरकडच्या घरांत अजून सांगितले जातात, आणि त्या आठवणींत खाकी कपड्यांस चांगले नाव नाही. हे आम्ही लपवीत नाही. पोलिसाची लाठी ज्याच्या पाठीवर पडली तो पोलिसाच्या मरणावर रडेल कसा, हा प्रश्न खरा आहे.

यावर कोणी म्हणेल, परक्या सरकारचे मीठ खाल्ले, आपल्याच भावावर लाठी उगारली, असल्या माणसाची आठवण कशास? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! म्हण खरी आहे. परंतु दांडा आपणहून कुऱ्हाडीत जाऊन बसत नाही. त्याला तोडणारा, तासणारा आणि पात्यात ठोकणारा कोणी दुसराच असतो. आणि गंमत अशी की, हा देशद्रोहाचा शिक्का नेहमी खालच्या पायरीवरच बसतो. त्याच सरकारचे मामलेदार होते, मुनसफ होते, रावबहादूर होते. पाचशे-पाचशे रुपये पगार घेऊन त्यांनी पेन्शनी खाल्ल्या, आणि त्यांची नावे आज शाळांच्या इमारतींवर झळकतात. त्यांस कोणी दांडा म्हटले नाही. आठ रुपयांचा शिपाई तेवढा दांडा! परक्या राज्यात मेलेला शिपाई हुतात्मा होता असा आमचा हट्ट नाही. तो पोटासाठी राबणारा माणूस होता, नेमून दिलेल्या कामावर मेला, एवढेच म्हणावयाचे आहे. एवढे खरे सांगण्याने चार हुतात्म्यांचा मान रतीभर कमी होत नाही.

बरे, हे सगळे इंग्रजी अमलातले, स्वराज्यात तसे नाही, असे म्हणून सुटका होईल काय? २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. मुंबईत कामा इस्पितळाजवळच्या गल्लीत पोलिसांच्या एका गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. करकरे, कामटे, साळसकर ही तीन नावे आज शेंबडे पोरही सांगते, आणि सांगावीच. ते शूर अधिकारी होते. पण त्याच गाडीत बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील व योगेश पाटील हेही होते, तेही तेथेच मेले. आणि अरुण जाधव जबर जखमी होऊन त्या प्रेतांखालून वाचले. गाडी एक, रात्र एक, मारेकरी तेच. मग तिघांची नावे पाठ आणि तिघांची का नाहीत? याचे उत्तर आमच्या वाचकांनी आपल्या घरी बसून द्यावे.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात नुसती काठी असता कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी कवटाळून धरली आणि सोबत्यांस त्याला जिवंत पकडता आला. ओंबळे जावळी तालुक्यातील केडंबे गावचे, फौजेत नोकरी करून मग पोलिसांत आलेले, सहायक फौजदाराच्या पायरीवरचे. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. खालच्या पायरीच्या माणसाचे नाव अशा रीतीने देशभर झाले याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण नाव मिळण्यासाठी गरिबाच्या पोराने अंगावर इतक्या गोळ्या घ्याव्यात काय? साध्या बंदोबस्तात, साध्या रस्त्यावर जो मरतो त्याचे काय?

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ सुरुंग फुटला. पंधरा पोलीस मेले; त्यांत आपल्या मराठवाड्याची, बीड-हिंगोलीकडची मुलेही होती. आणि सोळावा होता गाडीचा चालक, भाड्याच्या गाडीवरचा. बातमीत काय आले? 'पंधरा जवान व एक चालक.' पाहा, शिपाई एक पायरी वर चढला तर आकड्याच्या शेवटी 'व एक' म्हणून बसावयास दुसरा गरीब तयारच आहे! शंभर वर्षांपूर्वीचे 'व शिपाई' आणि आजचे 'व एक चालक' यांत फरक तो काय?

२१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. १९५९ साली लडाखात हॉट स्प्रिंग येथे चिनी गोळ्यांनी दहा पोलीस मेले, त्यांची ती आठवण. २०१८ साली त्याच दिवशी दिल्लीत मोठ्या दगडाचे राष्ट्रीय पोलीस स्मारक उघडले आणि भिंतीवर १९४७ पासूनची ३४,८४४ नावे कोरली. शिपायाचे नाव साहेबाच्या शेजारी दगडावर आले, ही गोष्ट खरोखर चांगली झाली. पण भिंत १९४७ पासून सुरू होते. मालेगावचे शिपाई तिच्या बाहेर, सोलापूरचे बाहेर, चननसिंग बाहेर. आणि दिल्लीची भिंत आपल्या वाडीवरून दिसतही नाही.

आता हे आम्ही का लिहितो ते उघड सांगतो. नांदेड, लातूर या दोन जिल्ह्यांत पहाटे पाचला गावाबाहेरच्या सडकेवर जाऊन उभे राहा. पोरे धावत असतात. आता पोरीही धावतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, मग शंभर मीटर, मग गोळा. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसाने नेले, सुताराचे काम कारखान्याने नेले, कुंभाराचे प्लास्टिकने. राहिली काय, तर पोलीस भरती. आम्ही शाळेत ज्यांस बाराखडी शिकविली तीच ही मुले. त्यांस आम्ही मागे ओढीत नाही. परंतु जे खाते तुमच्या पोराचे अंग मागते, त्या खात्याने आणि त्या समाजाने त्याचे नाव जपावे, एवढे मागण्याचा तुम्हांस हक्क आहे, हे तुम्हांस कळलेच पाहिजे.

तेव्हा करावे काय? आमच्या अल्पमतीने सुचते ते असे.

पहिले, प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने एक वही घालावी. आपल्या गावचा जो कोणी कामावर मेला, मग तो शिपाई असो, होमगार्ड असो, कोतवाल असो, पोलीस पाटील असो, गाडीचा चालक असो की सरहद्दीवरचा जवान, त्याचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, कोठे व कसा मेला हे तीत लिहावे. म्हाताऱ्या माणसांस विचारून १९४७ च्या आधीचेही लिहावे. २१ ऑक्टोबरला ती वही मुलांपुढे वाचावी. यास सरकारी मंजुरी लागत नाही, दोन आण्यांची शाई लागते.

दुसरे, जो जागच्या जागी मेला त्याची बातमी होते. पण जो दंगलीत डोक्यावर दगड खाऊन वर्ष-दोन वर्षे अंथरुणावर झिजून मरतो, तो कामाच्या जखमेनेच मेला हे दाखविण्याची पाळी त्याच्या बायकोवर येते. म्हणून घरच्यांनी पहिल्या दिवसापासून कागद जपावेत. त्या दिवशी कामावर कोठे नेमले होते त्याची नोंद, ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंद, इस्पितळाचा पहिला दाखला व पुढची सर्व चिठ्ठीचपाटी, यांच्या नकला घेऊन पेटीत ठेवाव्यात. साहेबाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. साहेबाची बदली होते, कागदाची होत नाही.

तिसरे, बातमी देणारांनी व फलक लावणारांनी सर्वांची नावे सारख्याच अक्षरांत द्यावीत. तीन नावे मोठी आणि खाली 'व इतर', असा फलक गावात लागला तर लोकांनी तो उतरवून पुरा करण्यास सांगावे. 'इतर' नावाचे मूल कोणत्याही आईने जन्मास घातलेले नाही.

चौथे, वर्दी घालणाऱ्या आमच्या मुलांस. बाबांनो, तुमचे नाव गावाने जपावे असे वाटत असेल तर गावाशी वागणेही तसे ठेवा. ठाण्यात येणारी म्हातारी ही आपली आजी आहे, रस्त्यावर बसलेला मोची हा आपलाच भाऊबंद आहे, हे विसरून लाठी उचललीत, खिसा तपासलात, तर तुमच्या मरणावर कोणी हळहळणार नाही आणि आम्ही लिहिलेलेही फुकट जाईल. हुकूम वरून येतो हे खरे, पण हात तुमचा असतो.

आणि शेवटचे, सगळ्यांत महत्त्वाचे. नुसत्या शिपायाच्या भरतीवर समाधान मानू नका. डोक्याचा भाग एकाने आणि अंगाचा भाग दुसऱ्याने, ही फ्रेझर साहेबाची वाटणी मोडावयाची तर मुलामुलींस पुढे शिकविले पाहिजे. आपल्यातून फौजदार झाले पाहिजेत, वकील झाले पाहिजेत, आणि वृत्तांत लिहिणारेही झाले पाहिजेत. लेखणी आपल्या घरी आली म्हणजे 'व शिपाई' असे लिहिताना ती अडखळेल आणि विचारील, नाव काय त्याचे?

मालेगावच्या भास्करराव भाव्यांस आमचे वंदन. त्यांच्या शेजारी पडलेल्या शिपायांसही तेवढेच. पुढच्या २१ ऑक्टोबरला ज्या गावच्या शाळेत पहिली वही वाचली जाईल, त्या गावाने आपली यादी या पत्राकडे पाठवावी. ती आम्ही एकही नाव न गाळता छापू.